कोंब वाचवायला बर्फ

युरोपात एप्रिलमध्ये गारठा पडला की आपल्याकडच्या व्हॉट्सॲप गटांवर प्रश्न ठरलेला: 'कुठे गेली तुमची तापमानवाढ?' 2021 साली हाच प्रश्न फ्रान्समधल्या एखाद्या द्राक्षबागायतदाराला विचारला असता, तर उत्तर तिखट मिळालं असतं.

त्या वर्षी मार्च संपता संपता तिथे पारा 25 अंशांपुढे गेला. द्राक्षवेलीचा डोळा, म्हणजे कोंब जिथून फुटतो ती गाठ, हिवाळाभर निजलेला असतो. त्यात पाणी कमी, म्हणून शून्याखाली दहा-बारा अंशही तो निभावून नेतो. ऊब मिळताच तो फुगतो, फुटतो. कोवळ्या कोंबात पाणीच पाणी, त्याला उणे 2 अंशही पुरे होतात. 7 एप्रिलच्या सुमारास रात्री गोठल्या आणि कोंब करपले. पुढे शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. थंडीच्या लाटा पूर्वीपेक्षा सौम्य झाल्यात खऱ्या, पण वेली त्याहून लवकर जाग्या होतात. त्यामुळे फुटलेले कोंब अशा गारठ्यात सापडण्याची शक्यता सुमारे 60 टक्क्यांनी वाढली आहे. फ्रान्सच्याच बर्गंडी भागातल्या बोन या गावी 1354पासूनच्या द्राक्षतोडणीच्या तारखा जुळवल्या आहेत. 1988नंतर तोडणी सरासरी 13 दिवस अलीकडे आली.

कोंब वाचवायला कुणी बागेत मेणाचे डबे पेटवतं, कुणी वरची उबदार हवा खाली ढकलायला पंखे लावतं. माझा जीव मात्र शाब्ली या फ्रान्समधल्या द्राक्षगावातल्या फवाऱ्यांवर. तिथे गोठत्या रात्री वेलींवर चक्क पाणी मारतात! कोंबांवर काचेसारखा बर्फ चढतो आणि आतला कोंब जगतो.

बर्फ थंडी अडवतो म्हणून नव्हे. एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे 80 कॅलरी उष्णता बाहेर टाकतं आणि गोठणं चालू आहे तोवर तापमान शून्याच्या आसपास अडून राहतं. कोंबाला शून्य अंश चालतो. राखण करते ती गोठण्याची क्रिया. तयार झालेला बर्फ नव्हे. म्हणून फवारा रात्रभर चालू हवा, अगदी सकाळी बर्फ वितळेपर्यंत. मध्येच पंप बंद पडला तर बाष्पीभवनाची बाजू वरचढ होते. माठातलं पाणी गार होतं त्याच न्यायाने एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना जवळपास 600 कॅलरी खेचल्या जातात. म्हणजे एक ग्रॅम उडालं तर त्याची भरपाई करायला साडेसात ग्रॅम गोठायला हवं. कोरडा वारा सुटला तर हा व्यवहार तोट्यात जातो आणि ओला कोंब कोरड्यापेक्षाही थंड पडतो.

कोंब जळाले की तिथली जुनी माणसं चंद्राला दोष देत. वसंतातला तांबूस चंद्र पालवी करपवतो, अशी समजूत. 19व्या शतकात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ फ्रांस्वा आरागोने ती निकालात काढली. आभाळ निरभ्र असेल तरच चंद्र लख्ख दिसतो, आणि निरभ्र रात्रीच पानं आपली उष्णता आकाशाकडे उत्सर्जित करून भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. ढग आले की तीच उष्णता बरीचशी परत मिळते. चंद्र नुसता साक्षीदार! ग्रहमानावर पेरणी ठरवणाऱ्यांनी आरागो जरूर वाचावा.

निफाडचा पारा उतरला की आपल्याकडेही द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. फरक असा की नाशिककडे डोळा कधी फुटायचा हे बागायतदाराची कात्री ठरवते. फ्रान्समध्ये ते हवामान ठरवतं, पण तिथेही काही जण आता छाटणी मुद्दाम लांबवतात. तेवढ्याने फूट काही दिवस पुढे ढकलली जाते.