शेपटीची पांढरी कड

"अहो, शेपूट परत कुजायला लागलं बघा. कडेला पांढरं दिसतंय. अजून एक कॅप्सूल टाकू का?" शेजारच्या काकांनी दारातच विचारलं. त्यांच्या हॉलमधल्या टाकीत वीतभराहून मोठा ऑस्कर मासा आहे. तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या शेपटीच्या पार चिंध्या झाल्या होत्या. टॉर्च घेऊन गेलो, काचेला नाक लावून पाहिलं आणि मला इतका आनंद झाला! तो रोग नव्हताच. नवं शेपूट उगवत होतं.

माशाचे पर, म्हणजे पंख आणि शेपूट, कुजवणारे एरोमोनास, स्युडोमोनास हे जिवाणू टाकीत कायमच असतात. धडधाकट माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत थरापुढे त्यांचं काही चालत नाही. पण मोठा मासा खातो भरपूर आणि कल्ल्यांवाटे अमोनियाही तेवढाच सोडतो. हा अमोनिया किती विषारी ठरेल, ते पाण्याच्या सामूवर म्हणजे पीएचवर ठरतं. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असेल तर त्यातला जेमतेम ०.६ टक्के भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तोच ५ टक्क्यांच्या वर जातो. कल्ले आणि त्वचा चुरचुरते, संरक्षक थर विरतो, आणि जिवाणूंना पराची कड मोकळी सापडते.

आता त्या कडेकडे येतो, कारण माझा खरा जीव तिथे अडकलाय. माशाचा पर म्हणजे हाडाच्या बारीक काड्यांचा पंखा. प्रत्येक काडी दोन अर्धनळ्यांची, सांध्यासांध्यांची. पर तुटला की आजूबाजूची त्वचा सरकत येऊन एका दिवसाच्या आत जखम झाकते. मग तुटक्या काडीतल्या हाडपेशी आपलं ठरलेलं काम सोडून देतात, पुन्हा पोरसवदा होतात, विभागू लागतात आणि टोकाशी गोळा होतात. या गोळ्याला ब्लास्टेमा म्हणतात. पोरसवदा झाल्या तरी त्या आपलं कूळ विसरत नाहीत: हाडाची पेशी पुढे हाडच घडवते. एफजीएफ नावाच्या प्रथिनांचा निरोप अडवला, तर ब्लास्टेमा धरतच नाही, हे आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांमधल्या झेब्रा माशावर दाखवलं गेलंय. त्याहून नवलाची गोष्ट थॉमस हंट मॉर्गन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नोंदवली, फळमाश्यांवरच्या कामाने ते गाजले त्याच्या आधी. शेपूट मुळाजवळ कापलं तर भराभर वाढतं, टोकाजवळ कापलं तर सावकाश. म्हणजे आपण कुठे तुटलोय आणि किती उरलंय, हे त्या ठिकाणच्या पेशींना ठाऊक असतं!

नव्या भागात रंगपेशी मागाहून येतात, म्हणून आधी दिसते ती काचेसारखी कड. तिच्यातून पलीकडचं दिसतं, काड्यांच्या रेघा सरळ पुढे गेलेल्या दिसतात. कुजलेली कड धुरकट, कापसासारखी किंवा रक्ताळलेली असते आणि रोज थोडी मुळाकडे सरकते.

उपचार मुख्यतः पाण्याचा. एवढा मासा वेगळ्या छोट्या टाकीत मावत नाही, तेव्हा आहे तीच टाकी दवाखाना. आठवडाभर रोज पाव टाकी पाणी बदलायचं, नव्या पाण्यात अँटी-क्लोरीन घालायचं, तळाची घाण नळीने ओढून घ्यायची. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. नळाच्या क्लोरीनने त्यातले अमोनिया पचवणारे जिवाणू मरतात. मीठ लिटरला एक-दोन ग्रॅम, विरघळवून हळूहळू. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त पाण्यापेक्षा खारट असतं. जखमेतून पाणी आत शिरतं, क्षार बाहेर जातात. मिठाने ही ओढ कमी होते. मीठ उडून जात नाही, त्यामुळे पुन्हा घालताना फक्त बदललेल्या पाण्यापुरतंच.

टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची कॅप्सूल मनाने टाकीत फोडू नये. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम त्या औषधाला बांधून ठेवतं. उरलेलं औषध फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंनाही सोडत नाही. कूज मुळापर्यंत पोचली, अंगावर व्रण आले किंवा माशाने खाणं सोडलं, तर मात्र पशुवैद्याला गाठायलाच हवं.

काकांच्या एका नातेवाइकाने सांगितलं होतं, "घरावरचं संकट माशाने अंगावर घेतलं." अरोवाना आणि फ्लॉवरहॉर्न हे मासे पाळणाऱ्या घरांत हे सर्रास ऐकू येतं, आणि मला त्याचा संताप येतो. संकट टाकीत होतं. अमोनियाच्या चाचणीच्या नळीत हिरवागार रंग उमटला होता, म्हणजे अमोनिया भरपूर, तो काकांनी स्वतः पाहिला. संकट टळलं म्हणून निश्चिंत झालेला माणूस पाणी बदलत नाही, आणि मासा जातो.

कॅप्सूल टाकली नाही. परवा पुन्हा टॉर्च मारून पाहिलं, तर त्या पारदर्शक कडेत मुळाकडून काळे ठिपके उतरायला लागले होते.