आपद्ग्रस्त असल्याची बतावणी

भूकंप, पूर, वादळ, आग किंवा साथीचा रोग यांत आपले काहीच नुकसान झाले नसताना ते झाल्याचे भासवून, अथवा झालेले नुकसान कितीतरी फुगवून सांगून सरकारी मदत, देणगीचा पैसा किंवा लोकांची सहानुभूती मिळवणे. मराठी वृत्तपत्रांत अशा माणसासाठी ‘बोगस पूरग्रस्त’, ‘बोगस लाभार्थी’ हे शब्द रूढ आहेत आणि त्याच्या कृत्याला ‘मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे’ असे म्हटले जाते. कायदा याकडे फसवणूक म्हणून पाहतो. नीतीच्या दृष्टीने मात्र हे कृत्य साध्या फसवणुकीहून जड आहे, कारण त्याची भरपाई शेवटी खऱ्या आपद्ग्रस्ताकडून वसूल होते. या नोंदीत मुख्यतः त्या वसुलीचा विचार केला आहे.

प्रकार. सर्वांत ठळक प्रकार म्हणजे आपत्ती घडली तेथे नसलेल्याने आपण तेथे होतो असे सांगणे. दुसरा म्हणजे अस्तित्वात नसलेले किंवा दुसऱ्याचे मृत नातेवाईक आपले म्हणून दाखवणे. एकाच घराचे अनेक दावे करणे हा तिसरा. आपल्याकडे एका कुटुंबाच्या दोन चुली कागदावर दाखवून दोन अनुदाने घेतली जातात, ती याच प्रकारात मोडतात. मदतनिधी सांभाळणाऱ्यानेच तो खाणे हा गुन्हा याच्या शेजारचा असला, तरी त्यात पीडित असल्याचे सोंग नसते. म्हणून तो येथे ओघानेच येईल.

कॅटरिना वादळ. या विषयावरील सर्वांत मोठा दस्तऐवजी पुरावा अमेरिकेतला आहे. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळ लुइझियाना आणि मिसिसिपीच्या किनाऱ्यावर आदळले, न्यू ऑर्लिन्सचे पूरबंधारे फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. लाखो माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी इतर राज्यांत पोचली. त्यांच्याजवळ घराचे कागद नव्हते, बँकेचे पुस्तक नव्हते आणि ओळखपत्रही नव्हते. फेमा या संघराज्य आपत्कालीन यंत्रणेने अशा कुटुंबांना तातडीचे २,००० डॉलर देण्यास सुरुवात केली. दूरध्वनीवर आणि इंटरनेटवर नाव नोंदवले की पैसे मिळत. आधी पैसे आणि मग चौकशी हा क्रम त्या परिस्थितीत योग्यच होता.

अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने जून २००६ मध्ये नमुना तपासणीवरून अंदाज मांडला की, व्यक्ती आणि कुटुंबांना दिलेल्या मदतीपैकी ६० कोटी ते १४० कोटी डॉलर अयोग्य किंवा संशयास्पद दाव्यांवर गेले. उद्ध्वस्त घराचा पत्ता म्हणून कोणी दफनभूमीचा पत्ता दिला होता, तर कोणी टपाल पेटीचा क्रमांक. तुरुंगात असलेल्या कैद्यांच्या नावावरही घरभाड्याची मदत निघाली होती. काही पैसा हवाईतल्या सहलीवर खर्च झाला. रेडक्रॉससाठी कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्ड येथे चालणाऱ्या कॉल सेंटरमधल्या काही कर्मचाऱ्यांनी खोटी नावे नोंदवून आपल्या ओळखीच्यांना पैसे मिळवून दिले आणि त्यांच्यावर खटले झाले. सप्टेंबर २००५ मध्येच न्याय विभागाने या गैरव्यवहारांसाठी स्वतंत्र कृतिदल नेमले होते. पुढे आपत्तीच्या मदतीतील फसवणुकीला ३० वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करणारा कायदाही झाला.

लेखापरीक्षकांच्या अंदाजात चुकून दोनदा दिलेले पैसे, अपुरे अर्ज आणि कारकुनी गोंधळ यांचाही समावेश होता. सार्वजनिक चर्चेत हा सारा आकडा ‘चोरी’ म्हणून वापरला गेला. त्याचे परिणाम पुढे पाहू.

ग्रेनफेल टॉवर. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या नॉर्थ केन्सिंग्टन भागातील ग्रेनफेल टॉवर ही २४ मजली इमारत पेटली आणि ७२ माणसे मेली. तेथे नोंद नसलेले पोटभाडेकरू राहत होते आणि वैध कागद नसलेले स्थलांतरितही होते. ते भीतीने पुढे आले नसते, तर इमारतीत कोण होते आणि कोण वारले हे कधीच नीट कळले नसते. म्हणून पोटभाड्याबद्दल कारवाई होणार नाही असे आश्वासन अधिकाऱ्यांनी दिले, आणि कागदपत्रांचा आग्रह सैल ठेवला.

याच सवलतीत काहीजण घुसले. आपली पत्नी आणि मुलगा आगीत गेल्याचे सांगणाऱ्या एका माणसाला हॉटेलची खोली आणि रोख मदत मिळाली. वाचलेल्यांना भेटायला आलेल्या राजपुत्र चार्ल्स यांच्यासमोरही तो उभा राहिला. त्या इमारतीत त्याचे कोणीही राहत नव्हते. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याला २१ महिन्यांची कैद झाली. पुढच्या काळात अशी अनेक प्रकरणे न्यायालयात आली. त्यांतल्या एका बाईने खरोखर मृत पावलेल्या एका रहिवाशाला आपला नवरा म्हणून सांगितले होते. पीडितांसाठीच्या निधीतून सुमारे ६२,००० पौंड लाटल्याबद्दल स्थानिक परिषदेच्या वित्त विभागातील एका अधिकाऱ्यालाही साडेपाच वर्षांची शिक्षा झाली.

येथे पैशापलीकडचे नुकसान दिसते. मृतांचा सुरुवातीचा अंदाज सुमारे ८० होता. तो खाली येईपर्यंत पोलिसांना बेपत्ता म्हणून नोंदवलेल्या प्रत्येक नावाचा माग काढावा लागला आणि त्यात संशयास्पद दाव्यांचाही तपास होता. राखेतून हाडांचे तुकडे वेचून ओळख पटवण्याचे काम महिनोन्‌महिने चालू असताना, जो माणूस कधी नव्हताच त्याच्या शोधात गेलेला प्रत्येक तास एखाद्या खऱ्या आईच्या वाट पाहण्यात मिळवला गेला. रकमेच्या तक्त्यात हे कोठेही दिसत नाही.

नैतिक विचार. बतावणी करणाऱ्याचा नेहमीचा बचाव असा असतो: निधी प्रचंड आहे, त्यात माझ्या चार पैशांनी काय बिघडते? हिशेब म्हणून हे काही वेळा खरेही असते. कॅटरिनाच्या मदतीत एका खोट्या दाव्यामुळे शेजारच्या खऱ्या दाव्याचे पैसे कमी झाले असे दाखवता येत नाही. पण आपत्तीची मदत निव्वळ पैशावर चालत नाही. अनोळखी माणसाच्या शब्दावर, पुरावा नसताना विश्वास ठेवण्याची तयारी हे तिचे खरे भांडवल असते. इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने खोट्या वचनाबद्दल जे म्हटले ते येथे तंतोतंत लागू पडते. परत न करण्याच्या इराद्याने कर्ज मागणाऱ्यासारखेच सगळे वागू लागले, तर वचन ही गोष्टच उरणार नाही आणि त्याच्या खोट्यालाही कोणी भुलणार नाही. ‘माझे घर वाहून गेले’ हे वाक्य खोटे उच्चारणारा, ते वाक्य खरे असणाऱ्यांच्या पुण्याईवर जगत असतो.

आपल्याकडील दानविचारात सत्पात्री दानाची कल्पना आहे. घेणारा पात्र आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी तीत देणाऱ्यावर असते. आपत्तीत ही वाट बंद होते. मुंबईत बसून देणगी देणाऱ्याला पाण्याने वेढलेल्या गावातले पात्र-अपात्र कळणे शक्य नाही, आणि ते कळेपर्यंत थांबणे म्हणजे मदत नाकारणेच. पात्रतेची सगळी जबाबदारी अशा वेळी घेणाऱ्याच्या सचोटीवर येऊन पडते. ती मोडणाऱ्याचा दोष म्हणूनच मोठा.

तरीही सगळ्यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. ज्याच्या घरात पाणी शिरले नाही, पण पंधरा दिवस मजुरी बुडाली आणि चूल थंड राहिली, अशा शेतमजुराने पूरग्रस्तांच्या यादीत नाव घुसवले तर त्याचे बोलणे खोटे असते, पण त्याची हलाखी खरी असते. शासनाच्या निकषांत घराची पडझड मोजली जाते, बुडालेली मजुरी बहुधा मोजली जात नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते येथे दोषाचा मोठा वाटा निकष आखणाऱ्याकडे जातो. दफनभूमीचा पत्ता देऊन सहलीला जाणारा आणि हा मजूर यांना एकाच ‘बोगस’ शब्दाखाली आणणे हे आळशी वर्गीकरण आहे.

दुसऱ्या टोकाला पैशाचा संबंधच नसलेली बतावणी येते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात न्यूयॉर्कमधील वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दक्षिण मनोऱ्याच्या ७८व्या मजल्यावरून आपण जखमी अवस्थेत वाचलो, असे सांगणारी एक स्त्री वाचलेल्यांच्या संघटनेची अध्यक्षा झाली. तिने इतरांच्या हक्कांसाठी खटपट केली, त्यांना बोलते केले. २००७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तिच्या कथेतले तपशील जुळत नसल्याचे उघड केले. हल्ल्याच्या दिवशी ती स्पेनमध्ये होती असे पुढे निष्पन्न झाले. तिने भरपाईचा पैसा लाटला असा आरोप नव्हता. पण ज्यांनी आपले सर्वांत खासगी दुःख ‘हिलाच कळेल’ म्हणून तिच्यापाशी उघडे केले, त्यांची फसवणूक पैसे गमावलेल्यापेक्षा कमी म्हणता येणार नाही.

संशयाचा इतिहास. खोटे पीडित असतात, तशी खोट्या पीडितांची अतिरेकी धास्तीही असते. तिने घेतलेले बळी मोजले तर दुसरी बाजू समोर येते. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळात सर रिचर्ड टेंपल या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या धोरणाचा मोठा भर, खरा भुकेला कोण आणि आयते खायला आलेला कोण, हे ओळखण्यावर होता. मदतीच्या कामावर यायचे तर घरापासून लांबच्या छावणीत जाऊन राहावे लागे. तेथे कष्टाचे काम करून दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबाने मजुरी मिळे. जो खरोखर उपाशी असेल तोच हे सोसेल, असा तर्क होता. प्रत्यक्षात उपाशी माणसाला चालण्याचे आणि खडी फोडण्याचे त्राणच नव्हते. मुंबई इलाख्यात १८७७ च्या आरंभी मजुरांनी कमी केलेल्या मजुरीविरुद्ध कामे सोडली आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. त्या दुष्काळात लाखो माणसे मेली.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीच्या भोपाळ वायुकांडानंतरही वायुबाधित असल्याचे सिद्ध करण्याचे ओझे रुग्णावरच आले. दहा लाखांहून अधिक दावे दाखल झाले. त्यांत खोटेही होते. पण त्या रात्री पळत सुटलेल्यांकडे उपचाराचे कागद कोठून असणार? कारखान्याची मालक युनियन कार्बाइड कंपनी आणि भारत सरकार यांच्यातली १९८९ ची ४७ कोटी डॉलरची तडजोड सुमारे ३,००० मृत आणि लाखभर जखमी गृहीत धरून झाली होती. पुढे जवळपास पावणेसहा लाख लोकांचे दावे मान्य करावे लागले आणि त्यांतल्या बहुतेकांच्या हाती सुरुवातीला २५,००० रुपयेच पडले. वाढता आकडा ‘नकली पीडितां’चा पुरावा म्हणून वर्षानुवर्षे दाखवला गेला. मूळ अंदाजच तोकडा होता, ही शक्यता त्या आरोपात झाकली गेली.

महाराष्ट्र आणि भारत. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ५२ नुसार मदतीसाठी जाणूनबुजून खोटा दावा करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. मदतीच्या पैशाचा किंवा साहित्याचा अपहार करणाऱ्यासाठी कलम ५३ आहे. कोविडने मृत्यू झालेल्यांच्या वारसांना ५०,००० रुपये सानुग्रह साहाय्य देण्याचे २०२१ मध्ये ठरले. तेव्हा काही ठिकाणी डॉक्टरांची बनावट प्रमाणपत्रे जोडली जात असल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयापुढे आली. न्यायालयाने २४ मार्च २०२२ रोजी आंध्र प्रदेश, गुजरात, केरळ आणि महाराष्ट्र या चार राज्यांतील पाच टक्के दाव्यांची पडताळणी करण्यास केंद्राला मुभा दिली. काही राज्यांत दावे नोंदलेल्या मृत्यूंपेक्षा बरेच जास्त होते, एवढ्यावरून ते खोटे ठरत नव्हते. चाचणीनंतर ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू, तो रुग्णालयाबाहेर झाला असला तरी, कोविडचा मानावा असा निकष नंतर आला होता आणि मूळ नोंदीत असे कितीतरी मृत्यू सुटलेले होते.

२०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात मोफत धान्यासाठी दोन दिवस पाण्याखाली असण्याची अट शासन निर्णयात होती. तिच्यावर टीकेचा भडिमार झाला, आणि तो रास्त होता. पाणी किती तास होते यावरून खरा पूरग्रस्त ओळखू पाहणारा नियम आणि टेंपल यांची लांबची छावणी यांच्यामागची धास्ती एकाच जातीची आहे.

पडताळणी. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांचा पंचनामा ही आपल्याकडची मूळ पद्धत. तो वेळेत झाला आणि लाभार्थ्यांची यादी चावडीवर लागली, तर गावाला बोगस नावे कळायला वेळ लागत नाही. मात्र चावडीवरच्या यादीत दबंगांचे नाव खोडायची हिंमत कोणाला नसते आणि वस्तीबाहेर राहणाऱ्यांचे नाव राहून गेले तर विचारणारा नसतो. छायाचित्रे, आधार आणि थेट बँक खात्यात रक्कम यांमुळे दुबार दावे रोखता येतात. ज्याचे कागदच वाहून गेले त्याला मात्र त्यांचाच अडसर होतो. अन्न, निवारा आणि पहिली रोख रक्कम जवळपास बिनचौकशी द्यावी, आणि मोठ्या रकमांची नंतर नमुन्याने तपासणी करावी (अशी नमुना तपासणी सर्वोच्च न्यायालयाने कोविड प्रकरणात मान्य केली होती), ही दिशा त्यातल्या त्यात कमी घातक वाटते.

नंतरच्या तपासणीतही धोका असतोच. कॅटरिना आणि त्यानंतरच्या आपत्तींत चुकून जास्त मदत मिळालेल्या हजारो कुटुंबांना फेमाने २०११ मध्ये पैसे परत करण्याच्या नोटिसा धाडल्या. त्यांतल्या अनेकांनी काहीच लपवले नव्हते. चूक यंत्रणेची होती आणि पैसे घरभाड्यात, औषधांत केव्हाच संपले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस काँग्रेसला स्वतंत्र कायदा करून, फसवणूक नसेल आणि चूक यंत्रणेचीच असेल तेथे ही वसुली माफ करण्याचा अधिकार फेमाला द्यावा लागला. माफीसाठी त्या कुटुंबांना पुन्हा अर्ज करावा लागला.