नळाला औषधाचा वास येतोय!

पहिल्या दोन-चार पावसांनंतर आमच्या तालुक्याच्या गावी दरवर्षी एकच ओरड सुरू होते, नळाला औषधाचा वास येतोय. "पावडर जास्त पडली वाटतं," म्हणत लोक पहिली कळशी मोरीत ओततात आणि वॉलमनला टीसीएल कमी टाकायला सांगतात. बऱ्याचदा गोष्ट नेमकी उलटी असते. क्लोरीन कमी पडलेला असतो.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के उपयोगी क्लोरीन असतो. पोतं दमट खोलीत उघडं राहिलं की तो उडून जातो. पाण्यात त्याचं हायपोक्लोरस आम्ल बनतं. या रेणूवर विद्युतभार नसल्याने तो जिवाणूच्या ऋणभारित भिंतीतून सहज आत शिरतो आणि त्याचं काम तमाम करतो.

पण पाण्यात सांडपाण्यातून किंवा शेतातल्या युरियातून आलेला अमोनिया असेल, तर क्लोरीन आधी त्याच्या नादी लागतो. दोघांचे क्लोरामाइन बनतात. जंतू मारण्यात ते फारच मंद. त्यातले डायक्लोरामाइन आणि ट्रायक्लोरामाइन नाकाला झोंबतात. तोच तो 'औषधाचा' वास.

आता खरी गंमत. अमोनियातल्या नायट्रोजनच्या वजनाच्या साधारण पाचपट क्लोरीन घालेपर्यंत पाण्यातला उर्वरित क्लोरीन वाढत जातो, पण तो सगळा क्लोरामाइनच्या रूपात. आणखी घाला, आणि उर्वरित क्लोरीन चक्क घटू लागतो! क्लोरामाइन मोडतात, नायट्रोजन वायू होऊन निसटतो. सुमारे ७.६ पटीला आलेख तळ गाठतो. हा 'ब्रेकपॉइंट'. यापुढे टाकलेला क्लोरीन मोकळा राहतो. म्हणजे लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन असेल, तर सुमारे ३.८ मिलिग्रॅम क्लोरीन नुसता तळ गाठण्यात खर्ची पडतो. प्रत्यक्षात थोडा जास्तच, कारण गाळही आपला वाटा घेतो. भारतीय मानकानुसार किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरायला हवा, तो यानंतरचा.

अर्थात वाट्टेल तितकी पावडर ओतली तरी वास येतोच. क्लोरीन कमी पडल्याचा वास की जास्त झाल्याचा, हा फरक ओटी (ऑर्थोटोलिडीन या रसायनाच्या) चाचणीत दिसतो. नळीत पाणी घेऊन ओटीचे थेंब टाकले की मोकळ्या क्लोरीनने पिवळा रंग लगेच उमटतो. क्लोरामाइनने तो रेंगाळत, काही मिनिटांत चढत जातो. घाईत वाचणारा क्षणात दिसणारा रंग पाहतो, निवांत वाचणारा क्लोरामाइनलाही क्लोरीन समजून 'ओके' लिहून मोकळा होतो.

या ओरडीच्या हंगामातच फिल्टर विकणारी पोरं दारात येतात. नळाच्या पाण्यात दोन विजेच्या दांड्या बुडवतात, पाणी गढूळ तपकिरी होतं, आणि काकू घाबरतात. ती घाण पाण्यातली नव्हे, दांडीचं लोखंड विरघळून झालेली असते! आरओच्या पाण्यात क्षार फारच कमी असतात, वीज नीट वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. टीडीएस मीटरही फक्त क्षार मोजतो, त्याला जंतू दिसत नाहीत.

राहिला प्रश्न नळात अमोनिया आला कुठून. पाणी दिवसाआड सुटतं. मधल्या वेळात पाईप रिकामा होतो, आत दाब उरत नाही, आणि गटाराला खेटून गेलेल्या सांध्यातून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. झोंबणारा वास आला, तर वॉलमनला त्या सांध्याबद्दल विचारा.