जामिनाची वही

वडील परळच्या एका कारखान्यात फिटर होते. कामगारांच्या पतपेढीत कर्ज घ्यायचं तर दोन जामीनदार लागत, आणि कुणी विचारलं की वडिलांना नाही म्हणता येत नसे. पतपेढीचा नियम होता, एका सभासदाने दोनपेक्षा जास्त कर्जांना जामीन राहायचं नाही. कारकून लांबडी वही उघडून रकान्यावरून बोट फिरवायचा. नाव दोनदा सापडलं की अर्ज परत. पण आमच्या गावच्या मंडळाची लालबागला वेगळी पतपेढी होती आणि तिच्या वहीतही वडिलांचं नाव दोनदा होतं. पगार एक, कर्जं चार, आणि दोन्ही वह्या आपापल्या जागी बिनचूक! मग एका वर्षी दोन्हीकडचे कर्जदार एकदम थकले. एकीकडे पगारातून कपात, दुसरीकडे घरी नोटीस.

ब्लॉकचेनमधल्या 'सामायिक सुरक्षे'बद्दल, म्हणजे एकाच तारणावर अनेक ब्लॉकचेन राखण्याबद्दल, वाचताना मला हटकून त्या दोन वह्या आठवतात.

ब्लॉकचेन म्हणजे एकाच हिशेबवहीच्या अनेकांनी सांभाळलेल्या प्रती. खरी नोंद कोणती हे ठरवणाऱ्यांनी लबाडी करू नये म्हणून त्यांच्याकडून तारण घेतात. इथेरियम या ब्लॉकचेनवर सप्टेंबर २०२२ पासून हीच रीत आहे. तिथल्या प्रत्येक व्हॅलिडेटरला, म्हणजे नोंद ठरवणाऱ्याला, किमान ३२ इथर (हे तिथलं चलन) अडकवून ठेवावे लागतात, आणि त्याने परस्परविरोधी नोंदींवर सह्या केल्या तर त्यातला काही भाग जप्त होतो. या जप्तीला स्लॅशिंग म्हणतात.

नव्या, लहान साखळीची, म्हणजे ब्लॉकचेनची, पंचाईत इथेच होते. तिच्याकडे तारण थोडं, म्हणजे तिथलं बहुमत विकत घेणंही स्वस्त. इथेरियम क्लासिक या साखळीची राखण तारणावर नाही, संगणकांच्या ताकदीवर चालते. पण तीही भाड्याने मिळते. ऑगस्ट २०२० या एकाच महिन्यात त्या साखळीवर तीनदा हल्ला झाला.

मग मोठ्याचा जामीन घ्यायचा. पोल्काडॉटने २०२० पासून रचनाच तशी केली. मधोमध एक मुख्य साखळी, आणि तिचे व्हॅलिडेटर चिठ्ठ्या टाकल्यासारखे आळीपाळीने आजूबाजूच्या साखळ्या तपासतात. आज आपल्या वाट्याला कोण येणार हे आधी कळत नाही, त्यामुळे लाच द्यायची तरी कुणाला? कॉसमॉस हब या साखळीने मार्च २०२३ मध्ये वेगळी वाट धरली: हबच्या व्हॅलिडेटरांनीच दुसरी साखळीही चालवायची, आणि तिथे गुन्हा केला तर तारण हबवरचं जायचं. त्याच वर्षी आलेल्या आयगनलेयरने इथेरियमवर आधीच अडकवलेले इथर आणखी सेवांना तारण म्हणून देण्याची सोय केली. हेच री-स्टेकिंग. गंमत म्हणजे तिथे प्रत्यक्ष स्लॅशिंग सुरू व्हायला एप्रिल २०२५ उजाडला. तोवर तारण होतं, जप्ती नव्हती.

आता वडिलांचं गणित मांडू. समजा तारण एक लाखाचं आहे आणि एका साखळीवर लबाडी करून साठ हजार लुटता येतात. लाख घालवून साठ हजार कोण कमावेल? पण तेच तारण तीन साखळ्यांना जामीन असेल आणि तिन्हींवर एकाच रात्री हात मारला, तर लूट एक लाख ऐंशी हजारांची आणि दंड मात्र तोच, एक लाख. प्रत्येक साखळीला वाटत होतं की आपल्या पाठीशी लाख उभे आहेत. आयगनलेयरने स्लॅशिंग आणताना उपाय केला तो आमच्या कारकुनाच्या जातीचा. तारणाचा अमुक हिस्सा अमुक सेवेच्या नावावर लिहायचा, आणि तो दुसऱ्या कुणाच्या नावावर लिहायचा नाही. सुरक्षा खरी होते, फक्त 'एकाच पैशात सगळ्यांची राखण' ही जाहिरात फिकी पडते.

वेगवेगळ्या जाळ्यांच्या पद्धती एकत्र जोडायच्या म्हटलं की मात्र दोन वह्यांचा घोळ सुरू होतो. कॉसमॉसच्या मंडळींनी २०२२ मध्ये 'मेश' सुरक्षेची कल्पना मांडली. तीत साखळ्या एकमेकींना तारण देतात: तू माझा जामीन, मी तुझा. पतपेढीत असे जोडअर्ज कारकून चष्म्यावरून बघून बाजूला ठेवायचा. एक बुडाला की दुसऱ्याचा जामीनही त्याच्याबरोबर बुडतो.

शिवाय प्रश्न वेळेचा. गुन्हा एका साखळीवर, तारण दुसरीवर. पुरावा तिथे पोचेपर्यंत तारण उचलून माणूस पसार झाला तर? म्हणून कॉसमॉस हबवर तारण सोडवायला २१ दिवस थांबावं लागतं. कारखान्यातही नोकरी सोडणाऱ्याला पतपेढीच्या 'नो ड्यूज'शिवाय हिशेब मिळत नसे.

मला सगळ्यात आवडली ती बॅबिलॉन या प्रकल्पाची युक्ती. बिटकॉइनवर स्लॅशिंगची सोयच नाही. बॅबिलॉनमध्ये २०२४ च्या ऑगस्टपासून लोक बिटकॉइन बिटकॉइनच्याच साखळीवर कुलूपबंद करू लागले, आणि जप्तीचं काम गणितावर सोपवलेलं आहे. डिजिटल सहीत दोन गुपितं असतात: सही करणाऱ्याची गुप्त किल्ली आणि एक यादृच्छिक संख्या. एका सहीतून एक समीकरण मिळतं. दोन अज्ञातं, काही सुटत नाही. बॅबिलॉनमध्ये एका उंचीच्या ब्लॉकसाठी (ब्लॉक म्हणजे नोंदींचा गठ्ठा, उंची म्हणजे साखळीतला त्याचा क्रमांक) ती संख्या आधीच ठरवून टाकावी लागते. त्याच उंचीच्या दोन वेगळ्या ब्लॉकवर सही केली की समीकरणं दोन होतात, आणि शाळेतल्या बीजगणिताने किल्ली कुणालाही काढता येते. जप्तीचा व्यवहार आधीच अर्धवट सह्या करून ठेवलेला असतो. तो या किल्लीने पुरा होतो. वही नको, कारकून नको.

मात्र यात दोनदा सही करणाराच सापडतो. जो सहीच करत नाही, गुपचूप बसून राहतो, त्याचं समीकरण कधी तयारच होत नाही.