हॅलोपेरिडॉलचा डोस आणि रॅटच्या मेंदूतला चोवीस तासांचा हिशेब

ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय असो की वाशीतला एखादा खासगी दवाखाना, स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्लोझापिन यांपैकी एखादं नाव बहुधा असतंच. चौघांच्या तऱ्हा वेगळ्या, पण सगळी मेंदूतल्या डी-२ या डोपामिन रिसेप्टरवर, म्हणजे डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन पेशीवर जिथे बसतं त्या जागेवर, जाऊन बसतात. हे कळलं ते मुख्यतः उंदरांच्या मेंदूवरून. त्याच मेंदूंनी बरीच वर्षं चकवलंही, कारण प्रयोग करणारे डोस मोजत राहिले. रिसेप्टर किती टक्के आणि किती वेळ अडलेले होते, हे बघायचं राहून गेलं.

क्लोरप्रोमॅझिन हे याच जातीचं औषध १९५२ मध्ये पॅरिसमध्ये मनोरुग्णांना दिलं जाऊ लागलं, तेव्हा ते मेंदूत नेमकं काय करतं हे कुणाला ठाऊक नव्हतं. १९६३ साली स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन आणि मार्गिट लिंडक्विस्ट यांनी छोट्या उंदरांना ते आणि हॅलोपेरिडॉल टोचलं. मेंदूतलं डोपामिन फारसं हललं नाही, पण डोपामिन वापरलं गेल्यावर मागे राहणारा पदार्थ वाढला. पुढचा रिसेप्टर अडला आहे, निरोप पोचत नाही, म्हणून मागची पेशी आणखी डोपामिन सोडते आहे, असा अर्थ त्यांनी लावला. १९७५-७६ मध्ये टोरांटोला फिलिप सीमन यांनी आणि बाल्टिमोरला सॉलोमन स्नायडर यांच्या गटाने प्रत्यक्ष रिसेप्टरवरच मोजमाप केलं. औषध जितकं घट्ट चिकटतं, तितका रुग्णाला लागणारा डोस कमी, असं सरळ नातं निघालं.

हे मोजमाप आजही जवळपास तसंच करतात. रॅट म्हणजे मोठा उंदीर, त्याचा मेंदू जेमतेम २ ग्रॅमचा. त्यातला स्ट्रायाटम, म्हणजे डोपामिन रिसेप्टर दाट असलेला भाग, बर्फावर काढून घ्यायचा, ७.४ पीएचच्या थंड ट्रिस बफरमध्ये घोटायचा, सेंट्रिफ्यूज करून पेशीपटलं खाली बसवायची आणि पुन्हा धुवायची. मग ट्रिशियम हा किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेलं, डी-२ वर बसणारं स्पायपेरोन किंवा रॅक्लोप्राइड वाढत्या प्रमाणात वेगवेगळ्या नळ्यांत घालायचं. नळ्यांच्या दुसऱ्या संचात भरपूर बुटाक्लामॉलही टाकायचं. ते डी-२ च्या सगळ्या जागा अडवतं, त्यामुळे तिथे जी मोजणी येते ती इतरत्र चिकटलेल्या मालाची. ती वजा केली की उरतं ते खरं बंधन. शेवटी मिश्रण काचतंतूंच्या फिल्टरमधून ओढायचं आणि बर्फासारख्या थंड बफरने झटपट धुवायचं. इथे हात रेंगाळला तर बसलेले रेणू सुटू लागतात आणि आकडा खाली येतो.

नवखे दोन ठिकाणी हमखास फसतात. पहिलं म्हणजे स्पायपेरोन सेरोटोनिन या दुसऱ्या निरोप्या रसायनाच्या ५-एचटी-२ रिसेप्टरवरही बसतं. केटान्सेरिन घालून त्या जागा आधी झाकल्या नाहीत, तर डी-२ फुगवून मोजले जातात. दुसरी चूक जास्त महागाची. आठवडेन् आठवडे हॅलोपेरिडॉल दिलेल्या रॅटच्या मेंदूत थोडं औषध शिल्लक असतंच आणि ते ट्रिशियमवाल्या रेणूशी जागेसाठी भांडतं. मग रिसेप्टरची पकड सैल झाल्यासारखी दिसते. म्हणून औषध बंद करून काही दिवस जाऊ देतात आणि पटलं एकदाऐवजी दोन-तीनदा धुतात.

एवढी काळजी घेतल्यावर जे दिसलं ते १९७७ मध्ये प्रसिद्ध झालं. ३ आठवडे हॅलोपेरिडॉल दिलेल्या रॅटच्या स्ट्रायाटममध्ये डोपामिन रिसेप्टर २० ते २५ टक्क्यांनी वाढलेले होते. जागा अडवल्या म्हणून पेशीने नव्या जागा काढल्या. पकड तीच होती, संख्या वाढली होती.

आता डोसचा घोळ. जुन्या शोधनिबंधांत हॅलोपेरिडॉलचा डोस सर्रास किलोमागे १ मिलिग्रॅम, रोज एक इंजेक्शन, असा दिसतो. २५० ग्रॅमच्या रॅटला म्हणजे ०.२५ मिलिग्रॅम. हाच हिशेब ६० किलोच्या माणसाला लावला तर ६० मिलिग्रॅम होतात. माणसाला साधारणपणे दिवसाला २ ते १० मिलिग्रॅम पुरतात. उलट माणसाच्या रक्तातलं हॅलोपेरिडॉल निम्म्यावर यायला जवळपास एक दिवस जातो, रॅटमध्ये दोनेक तास. त्यामुळे इंजेक्शननंतर काही तास ९० टक्क्यांहून जास्त रिसेप्टर अडलेले आणि दुसऱ्या दिवशीच्या सुईपर्यंत बहुतेक मोकळे, अशी रोजची चढ-उतार होते. गोळ्या नेमाने घेणाऱ्या माणसाच्या मेंदूत असं होत नाही.

उपाय म्हणजे रॅटच्या खांद्यांच्या मधोमध कातडीखाली बसवायचा, औषध सतत थोडं थोडं सोडणारा ऑस्मोटिक पंप. तासाला २.५ मायक्रोलिटर सोडणारा ४ आठवड्यांचा पंप दिवसाला ६० मायक्रोलिटर देतो. २५० ग्रॅमच्या रॅटला किलोमागे रोज ०.५ मिलिग्रॅम द्यायचं तर दिवसाचे ०.१२५ मिलिग्रॅम, म्हणजे द्रावण मिलिलिटरला साधारण २.१ मिलिग्रॅमचं हवं. हॅलोपेरिडॉल साध्या पाण्यात विरघळत नाही. थोड्या ॲसिटिक आम्लात विरघळवून पीएच ५ च्या आसपास आणतात. त्याहून वर गेला की पांढरा साका धरतो आणि पंप भरलेला दिसूनही औषध सुटत नाही. शिवाय तरुण रॅट ४ आठवड्यांत चांगलंच वजन धरतो, तेव्हा अखेरीस किलोमागचा डोस घसरलेला असतो. हे गणित निबंधात दिलेलं नसेल तर मी तरी पुढचे आलेख जरा जपूनच वाचेन.

किती टक्के जागा अडल्या तर काय होतं? जिवंत मेंदूतले अडलेले रिसेप्टर मोजता येणाऱ्या पेट स्कॅनवरून माणसात आलेले आकडे असे: साधारण ६५ टक्क्यांपुढे भास-भ्रम कमी होण्याची शक्यता वाढते, ७२ च्या पुढे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं, ७८ च्या पुढे ताठरपणा आणि कंप. रॅटमध्ये ८० टक्क्यांपुढे कॅटॅलेप्सी, म्हणजे ठेवलं तसं गोठून राहणं, येते. पुढचे दोन पाय ९-१० सेंटिमीटर उंचीच्या आडव्या दांडीवर ठेवले की साधा रॅट क्षणात उतरतो, औषध दिलेला तसाच टांगल्यासारखा राहतो. ही चाचणी फार सोपी दिसते, पण मोठा आवाज झाला की कॅटॅलेप्सी मोडते. गणपतीच्या दिवसांत खिडकीखाली ढोल-ताशा चालू असेल तर ते आकडे घेऊच नयेत.

क्लोझापिन दिलेला रॅट मात्र दांडीवर थांबत नाही. माणसातही त्याने ताठरपणा फारसा येत नाही, आणि पेट स्कॅनमध्ये डी-२ बरेचदा ६५ टक्क्यांपेक्षा कमीच अडलेले दिसतात. संशोधक शितिज कपूर आणि सीमन यांच्या मते याचं उत्तर औषध रिसेप्टरवरून किती वेगाने सुटतं यात आहे. ठाणे-वाशी लोकलमध्ये हॅलोपेरिडॉल ठाण्याला बसलं की वाशीपर्यंत उठत नाही, क्लोझापिन ऐरोलीलाच उठून डोपामिनला सीट देतं. माझ्या मते हे अर्धंच उत्तर आहे. क्लोझापिन इतर अनेक रिसेप्टरवरही बसतं आणि त्याचा हिशेब यात येत नाही.

२००७ मध्ये ॲन-नोएल समाहा, सीमन, कपूर आणि सहकाऱ्यांनी पंप लावलेल्या रॅटमध्ये दाखवलं, की हॅलोपेरिडॉल किंवा ओलान्झापिन सतत चालू असताना, जागा अडलेल्या असूनही, काही दिवसांनी औषधाचा परिणाम ओसरतो. पेशी डोपामिनला जास्तच संवेदनशील झालेल्या असतात. पुढच्या कामात असंही दिसलं, की मधे रिसेप्टर मोकळे होऊ दिले तर परिणाम टिकतो. यावरून कुणी घरच्या रुग्णाला एक दिवसाआड गोळी देऊ लागेल, म्हणून सांगायला हवं: रॅटला स्किझोफ्रेनिया नसतो, त्यामुळे आजार उलटण्याचा प्रश्नच त्या प्रयोगात येत नाही. माणसात गोळ्या चुकल्या की तो उलटतो, हे रुग्णांवरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. वाढलेले रिसेप्टर एकदम मोकळे झाले तर डोपामिनचा जोर आणखी जाणवण्याची शक्यता असते, म्हणून डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. ही औषधं चालू असलेल्या रुग्णाचा जबडा नकळत चघळल्यासारखा हलत असेल, जीभ आत-बाहेर होत असेल, तर पुढच्या तारखेपर्यंत न थांबता डॉक्टरांना दाखवावं. महिनोन् महिने हॅलोपेरिडॉल दिलेले रॅटही तोंडात काही नसताना असंच चघळतात.