इंटरनेट फोन घ्यायचाय? आधी रिसीव्हर कानाला लावा

इंटरनेटवरून चालणाऱ्या फोन यंत्रणेसाठी टेबलावरचा फोन घ्यायचा म्हटलं, की नजर आधी रंगीत पडद्यावर आणि बटणांच्या रांगांवर जाते. किंमतही बहुतेक तिथेच चढते. बोलणं किती स्पष्ट ऐकू येईल, हे मात्र या दोन्हींवरून ठरत नाही. त्यामुळे बेताच्या किमतीतही फार चांगला फोन मिळू शकतो.

जुनी टेलिफोन यंत्रणा माणसाच्या आवाजातला साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे पाठवायची. आवाजाचे आकडे करणारी आणि आकड्यांचा परत आवाज करणारी जी पद्धत असते, तिला कोडेक म्हणतात. आजही सर्रास वापरला जाणारा जी.711 कोडेक त्याच जुन्या पट्ट्यासाठी बनलेला आहे. तो सेकंदाला 8000 वेळा आवाज मोजतो आणि दर मोजणीला 8 बिट वापरतो, म्हणजे सेकंदाला 64,000 बिट. पण ‘स’, ‘श’, ‘फ’ अशा वर्णांची बरीचशी ऊर्जा 3400 हर्ट्झच्या वर असते. ती वाटेतच गळते, म्हणून अनोळखी आडनाव फोनवर दोनदा विचारावं लागतं. 1988 मध्ये प्रमाणित झालेला जी.722 तेवढ्याच बिटांमध्ये 7000 हर्ट्झपर्यंतचा आवाज नेतो. माहितीपत्रकात याचंच नाव ‘एचडी व्हॉइस’. यीलिंक, ग्रँडस्ट्रीम, फॅनव्हिल यांच्या अगदी साध्या मॉडेलांमध्येही तो सापडतो. अर्थात दोन्ही टोकांना आणि मधल्या यंत्रणेलाही तो यायला हवा. नाहीतर आवाज पुन्हा जुन्या अरुंद पट्ट्यात जातो.

कोडेक कितीही चांगला असला तरी रिसीव्हरमधला माइक सुमार असेल तर काय उपयोग? म्हणून शक्य असेल तर आधी एकच फोन मागवावा आणि त्यावर सावकाश, खरंखुरं बोलून बघावं. स्पीकरफोनची परीक्षा तर घ्यायलाच हवी. स्पीकरमधून आलेला समोरच्याचा आवाज माइकमध्ये शिरून प्रतिध्वनी बनून परत जातो आणि तो वजा करण्याचं काम फोनला सतत करावं लागतं. काही फोन यातून सोपी पळवाट काढतात: एक जण बोलत असताना दुसऱ्याचा आवाज दाबून टाकतात. दोघांनी एकदम बोलून पाहिलं की हे लगेच उघडं पडतं. माझ्या मते स्वस्त आणि चांगल्या फोनमधला खरा फरक इथेच कळतो.

आवाज तुटतो तेव्हा दोष फोनचाच असेल असं नाही. आवाज साधारण 20 मिलिसेकंदांच्या तुकड्यांत, म्हणजे सेकंदाला 50 पाकिटांमधून जातो. पाकिटं मागेपुढे पोहोचली तर फोन ती क्षणभर साठवून ओळीने वाजवतो, पण फार वेळ थांबता येत नाही. एका बाजूचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत असला तर संभाषण सहज चालतं. नेटवर्कमध्येच गर्दी असेल तर महागडा फोनही हतबल होतो.

एका बाबतीत अजिबात तडजोड करू नये: फोन एसआयपी या खुल्या प्रोटोकॉलवर चालणारा असावा. 1999 मध्ये पहिल्यांदा आलेला आणि 2002 मध्ये सुधारलेला हा नियमसंच पाळणारा फोन बहुतेक यंत्रणांना जोडता येतो. जुन्या बाजारात भक्कम बांधणीचे फोन खूप स्वस्त मिळतात, पण त्यांतले काही एकाच कंपनीच्या खासगी प्रोटोकॉलवर चालतात, तर काही आधीच्या सेवादात्याने कुलूपबंद केलेले असतात. विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

नेटवर्कच्या केबलमधूनच वीज घेण्याची सोय, म्हणजे पीओई, असली तर प्रत्येक टेबलाशी अडॅप्टर लागत नाही. ज्यातून या केबल फोनपर्यंत जातात त्या नेटवर्क स्विचला यूपीएस जोडला की वीज गेल्यावरही फोन चालू राहतात. फोनमधून पुढे संगणक जोडणार असाल तर फोनचं पोर्ट गिगाबिटचं आहे का तेही बघा. 100 मेगाबिटचं असेल तर संगणकाचा वेगही तिथेच अडतो.

कंपनी फर्मवेअरचे, म्हणजे फोनमधल्या मूळ सॉफ्टवेअरचे, अपडेट अजून देते आहे ना, हे खरेदीआधीच तपासावं. आणि फोन जोडल्यावर पहिल्याच दिवशी मूळ पासवर्ड बदलावा. फोनमध्ये साठवलेला एसआयपी खात्याचा पासवर्ड चोरीला गेला तर कोणीतरी रातोरात परदेशी कॉल करतं आणि त्याचं बिल खातेदाराच्या नावावर येतं.