कुंडी भंडारा (बुऱ्हाणपूर)

सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारे पाणी जमिनीखालील बोगद्यांत अडवून ते केवळ उताराच्या बळावर बुऱ्हाणपूर शहरापर्यंत आणणारी सतराव्या शतकातील जलयोजना. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले, तरी फारुकी सुलतानांच्या काळी ते खानदेशाची राजधानी होते आणि १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती पडल्यावर खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणेही तेच राहिले. त्यामुळे या योजनेचा विचार खानदेशाच्या इतिहासातच करणे रास्त ठरते. मराठीत ‘कुंडी’ म्हटले की रोपाचे भांडे डोळ्यांसमोर येते. येथे मात्र बोगद्यावर ठरावीक अंतराने बांधलेल्या विहिरीसारख्या उभ्या कूपाला कुंडी म्हणतात. ‘खूनी भंडारा’ या दुसऱ्या प्रचलित नावाचा उगम काही जण पाण्याच्या तांबूस रंगात शोधतात, तर काही जण ‘कुंडी’चाच तो अपभ्रंश मानतात. दुसरे मत अधिक सरळ आहे, कारण कुंड्यांखेरीज या कामाचे दुसरे काहीच वरून दिसत नाही आणि लोक दिसणाऱ्या गोष्टीवरूनच नाव ठेवतात.

योजनेचे श्रेय सामान्यतः मुघल सेनापती अब्दुर्रहीम खानखानान (१५५६–१६२७) याला दिले जाते आणि काळ १६१५ (हिजरी १०२४) हा सांगितला जातो. हे वर्ष काटेकोर न धरता सतराव्या शतकाचे दुसरे दशक एवढाच त्याचा अर्थ घेणे सुरक्षित होय. भूमिगत बोगदे एका वर्षात पुरे होण्याजोगे नसतात. नोव्हेंबर १६१५ मध्ये इंग्रज वकील टॉमस रो बुऱ्हाणपुरास आला, तेव्हा सुभ्यावर नाव शाहजादा परवीझचे आणि प्रत्यक्ष सत्ता खानखानानाची, अशी स्थिती त्याला आढळली. आश्रयदाता म्हणून खानखानानाचे नाव पुढे येणे या परिस्थितीशी जुळते. दख्खनच्या मोहिमांची छावणी याच शहरात असल्याने सैन्य, जनावरे आणि कारखाने यांना पुरेल असे बारमाही पाणी हवे होते. तापीचे पाणी शहराच्या खालच्या अंगाला वाहते आणि ते शत्रूने बिघडवण्याची धास्तीही होती, असे परंपरा सांगते.

योजनाकाराचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. बहुतेक ठिकाणी ‘तबकुतुल अर्ज’ नावाच्या इराणी भूगर्भतज्ज्ञाने हे काम केले असे लिहिलेले आढळते. हा शब्द मुळात ‘तबकात-उल-अर्ज’ असा असून त्याचा शब्दशः अर्थ ‘पृथ्वीचे थर’ असा होतो. ‘तबका’ म्हणजे थर किंवा वर्ग. त्याचेच अनेकवचन ‘तबकात-इ-अकबरी’ या बखरीच्या नावामुळे इतिहासाच्या वाचकांना परिचित आहे, आणि विड्याचे मराठी ‘तबक’ही त्याच धातूपासून आले आहे. ‘अर्ज’ हा येथे भूमिवाचक अरबी शब्द असून मराठीतील विनंतीवाचक ‘अर्जा’शी त्याचा संबंध नाही, देवनागरीत दोन्हींचे रूप एक झाल्याने गोंधळ होतो, एवढेच. उर्दूत तर भूविज्ञान या शास्त्रालाच ‘इल्म-ए-तबकात-उल-अर्ज’ म्हणतात. तेव्हा आज ज्याला व्यक्तिनाम समजले जाते, ते मुळात विद्येचे नाव किंवा त्या विद्येवरून दिलेले बिरुद असावे, असे मानण्यास जागा आहे. ‘खानखानान’ हाही किताबच होता. फरक एवढाच, की त्या किताबामागचा अब्दुर्रहीम इतिहासाला ठाऊक आहे आणि या बिरुदामागचा माणूस पुसला गेला आहे. इराणात भूमिगत पाट खोदणाऱ्या कारागिराला ‘मुकन्नी’ म्हणतात. परंपरेने तो साधा, धंद्यातला शब्द जपलेला नसून पुस्तकी शब्द जपला आहे, यावरूनही ‘तबकुतुल अर्ज’ हे रूप उत्तरकालीन कथनात स्थिरावले असण्याची शक्यता बळावते. तरीही कर्त्याचे इराणी शिक्षण सर्वस्वी नाकारण्याचे कारण नाही, कारण रचनेचे कूळ उघडपणे तिकडचे आहे.

रचना तपशिलाने पाहण्याजोगी आहे. बुऱ्हाणपूर तापीच्या उत्तर काठावर वसले असून सातपुडा त्याच्या उत्तरेस आहे. डोंगरावरून ओढ्यांबरोबर आलेले गोटे, दगड आणि जाडी रेती पायथ्याशी साचून तेथे पाणी झपाट्याने मुरवणारा पट्टा तयार होतो. भूजलशास्त्रज्ञ त्याला ‘बझाडा’ म्हणतात आणि रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतही तो याच पर्वतरांगेच्या कडेने जातो. मुरलेले पाणी भूमिगत वाटेने तापीकडे सरकत असते. योजनाकाराने ही वाट ओळखून तिच्या आड बोगदा घातला, म्हणजे पाणी उपसून वर काढण्याऐवजी जाता जाता अडवले आणि तापीपेक्षा उंच पातळीवर राखून शहराकडे वळवले. उतार अगदी बेताचा ठेवावा लागतो: तो जास्त झाला तर प्रवाह तळ व बाजू खरवडतो आणि कमी झाला तर गाळ बसतो. कुंड्यांचा उपयोग खोदकामाचा राडारोडा बाहेर काढणे, हवा खेळती ठेवणे आणि पुढे गाळ उपसण्यासाठी खाली उतरणे असा तिहेरी होता. पावसाचे गढूळ पाणी आत शिरू नये म्हणून त्यांचे कठडे जमिनीच्या वर उचलून बांधले आहेत. कुंड्यांची संख्या १०३ अशी बहुधा दिली जाते, पण १०१ व १०८ हे आकडेही आढळतात. कोणत्या शाखेच्या कुंड्या मोजायच्या यावर तो फरक अवलंबून असावा. पाहुण्यांना दाखवला जाणारा बोगदा सुमारे ८० फूट खोल आहे.

शहराभोवती अशा प्रकारचे एकूण आठ संच होते आणि त्यांतील दोन फार पूर्वीच नष्ट झाले, असे जुन्या वर्णनांवरून दिसते. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण भंडारा आणि खूनी भंडारा ही नावे आजही चालतात. त्यांचे पाणी जाली करंज या हौदात एकत्र येऊन तेथून मातीच्या व दगडी नळांनी शहरात जाई.

या योजनेला इराणी ‘कनात’ (उताराने पाणी वाहून नेणारा भूमिगत पाट) म्हणावे काय, याविषयी मतभेद आहेत. एका मताने उभे कूप, सौम्य उतार आणि उपशाशिवाय वाहणारे पाणी ही लक्षणे पुरेशी आहेत. दुसरे मत असे, की नमुनेदार कनात एका ‘मातृविहिरी’पासून, म्हणजे उगमाकडील मुख्य विहिरीपासून, सुरू होतो, तर येथे अनेक शाखा वेगवेगळ्या ठिकाणी पाझर अडवतात, म्हणून हा स्थानिक भूरचनेनुसार घडलेला स्वतंत्र प्रकार मानावा. दख्खनमध्ये याआधीच अशा कामांची जाण होती, हे विसरता येत नाही. बीदरचे भूमिगत पाट आणि निजामशाही अहमदनगरचे खापरी नळ त्याची साक्ष देतात. खानखानानाचा प्रतिस्पर्धी मलिक अंबर याने खडकीत (पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर) नहर-ए-अंबरी बांधली, तीही याच दशकातली. युद्धभूमीवर एकमेकांसमोर उभ्या असलेल्या दोन छावण्यांत कारागिरांची ये-जा झाली असेल, ही कल्पना मोहक असली तरी तिच्यावर भार टाकता येत नाही. खडकीच्या नहरीचे पाणी पुढे बंद नळांतून दाबाने मनोऱ्यांवर चढवले जाई. बुऱ्हाणपूरचे बोगदे मात्र हवेला उघडे आहेत, म्हणून साम्य उगमापाशी अधिक आणि वितरणात कमी आहे.

उत्तरकाळाची माहिती तुटक आहे. १६४१ मध्ये आलेल्या फ्रेंच प्रवासी टॅव्हर्नियेला शहर बरेचसे उद्ध्वस्त दिसले, तरी तलम कापडाचा व्यापार चालूच होता. ब्रिटिश अमदानीत बुऱ्हाणपूर मध्य प्रांतातील निमाड जिल्ह्यात गेले आणि मुंबई इलाख्याच्या खानदेश जिल्ह्यापासून तुटले. २००३ मध्ये ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले. या प्रशासकीय सीमेमुळे मराठी लेखनात या कामाची चर्चा तुरळकच राहिली, आणि मुमताजमहलचे १६३१ मधील निधन या एकाच घटनेवर शहराची ख्याती एकवटली.

अलीकडे गाळ काढणे, कठड्यांची डागडुजी आणि एका कुंडीत उतरण्यासाठी पाळणा बसवणे ही कामे झाली असून, २०२४ मध्ये ‘खूनी भंडारा’ युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत दाखल झाला. जीर्णोद्धाराची खरी अडचण मात्र बांधकामात नाही. पाण्यातील चुन्यामुळे बोगद्यांच्या भिंतींवर पांढरे, संगमरवरासारखे थर चढतात आणि प्रवाहाची जागा अरुंद होते. ते खरवडावेत तर मूळ पृष्ठभाग दुखावतो, आणि ठेवावेत तर पाणी अडते. त्याहून मोठा प्रश्न भूजलपातळीचा आहे. बोगद्याची खोली सतराव्या शतकातील पातळीला बेतलेली आहे. केळी व उसासाठी खोल कूपनलिकांनी उपसा वाढला आणि पायथ्याचे जंगल विरळ झाले, की पाणी बोगद्याच्या खाली उतरते आणि कुंड्या शाबूत असूनही कोरड्या राहतात. योजनाकाराने जुळवले होते ते दगड आणि पाणी यांच्यातील अंतर. त्यामुळे संवर्धनाची हद्द कुंडीच्या कठड्यापाशी थांबवता येत नाही; ती पाणी मुरवणाऱ्या पट्ट्यापर्यंत न्यावी लागते, आणि तो पट्टा शेतजमिनींचा असल्याने पुरातत्त्व संरक्षणाचे नेहमीचे नियम तेथे अपुरे पडतात. मे २०२५ मध्ये मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांच्यात करार झालेली ‘तापी मेगा रिचार्ज’ योजना तापीचे पुराचे पाणी याच बझाडा पट्ट्यात मुरवण्यासाठी आखलेली आहे. ती मुख्यतः सिंचनासाठी असली, तरी तिची मांडणी कुंडी भंडाऱ्याच्या मूळ निरीक्षणावरच उभी आहे.